पिस्तुलाने काय खाल्लं?

मी सदतीस वर्षं बंदुका आणि पिस्तुलं दुरुस्त केली आणि माझ्या हातून आजवर उंदीरसुद्धा मेलेला नाही. हे ऐकलं की लोकांचा विरस होतो. या अंकाच्या संपादकांचाही झाला. त्यांना काहीतरी थरारक हवं होतं. मी म्हटलं, चाललेलं हत्यार पोलिसांकडे जातं, न चाललेलं माझ्याकडे यायचं. तेव्हा माझ्याजवळ न घडलेल्या थराराच्याच गोष्टी आहेत. ते म्हणाले, मग तेच लिहा.

माझं दुकान पेणला, रामवाडीच्या अलीकडे. दोन्ही बाजूंना गणपतींचे कारखाने. त्यांची शाडूची धूळ माझ्या तेलाच्या फडक्यांवर बसायची आणि माझ्या तेलाचा वास त्यांच्या मूर्तींना लागायचा, यावरून आमची वर्षातून एकदा ठरलेली बाचाबाची व्हायची. एरवी संबंध चांगले होते. मुंबईचं एखादं गिऱ्हाईक मूर्ती ठरवायला म्हणून चुकून माझ्याकडे शिरायचं, भिंतीवरच्या नळ्या बघायचं आणि मागच्या मागे जायचं.

सुरुवातीला काम होतं ते सगळं शेतकऱ्यांच्या बंदुकांचं. रानडुकरं भात नासवतात, म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना आणि परवान्यावर एक जुनी दुनळी बंदूक, असं गावोगाव असायचं. मग नागोठण्याला मोठी कंपनी आली. कंपनी आली म्हणून ठेकेदार आले, आणि ठेकेदार आले म्हणून पिस्तुलं आली. ठेकेदाराला जीप, सोन्याची साखळी आणि पिस्तूल या तीन गोष्टींशिवाय ठेकेदार झाल्यासारखं वाटत नसे. यातली पहिली दोन दिसतात. तिसरी दिसावी म्हणून ते शर्ट जरा आखूड शिवून घेत.

बंदूक आणि पिस्तूल यांतला फरक इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. दुनळी बंदूक ही गावठी बैलासारखी असते, जे घालाल ते खाते. पिस्तुलाचं पोट नाजूक. गोळी उडाली की तिच्याच धक्क्याने पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो. त्याला आम्हीही स्लाइडच म्हणतो. ही स्लाइड मागे जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना खालून, मुठीतल्या मॅगझिनमधून, नवं काडतूस उचलते. म्हणजे आत्ता खाल्लेल्या घासाच्या ताकदीवर ते पुढचा घास घेतं. काडतुसातली दारू कमजोर निघाली तर स्लाइड अर्ध्यातून परत येते आणि पुंगळी तिथेच आडवी अडकते. काडतुसाच्या बुडाला टोपी असते, तिच्यावर पिनेचा ठोका बसतो आणि दारू पेटते. ती टोपीच मेलेली असेल तर नुसतं ‘टच्’ होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ‘फुस्स’. अशा वेळी गोळी नळीतच राहिलेली असू शकते, आणि माणूस वैतागून वर दुसरी झाडतो. त्यात हाताची बोटं जातात. म्हणून ‘फुस्स झाल्यास पुन्हा चाप ओढू नये’ अशी पाटी मी दुकानात लावली होती. लोक ती वाचून हसायचे. मी ती काढली नाही.

तर पिस्तूल अडकतं म्हणून माणूस आला की डॉक्टरासारखा माझा पहिला प्रश्न असे, “काय खायला घातलं होतंत?” कारण बहुतेक वेळा पिस्तुलाला काही झालेलं नसे, त्याला काडतूस बाधलेलं असे. परवान्यावर वर्षाला मोजकीच काडतुसं मिळतात, चांगली महाग असतात, म्हणून लोक कुठून कुठून स्वस्तातली आणत. कोणी जुना साठा, कोणी पुंगळ्या पुन्हा भरून विकणाऱ्याचा माल. नागोठण्याच्या एका ठेकेदाराचं पिस्तूल दर तिसऱ्या बाराला अडकायचं. मॅगझिन उघडलं तर आत दोन जातींची काडतुसं. मी विचारलं तर म्हणाला, साधी आहेत ती सरावाला आणि भारीतली चोरासाठी राखून ठेवली आहेत. चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी ठेवतात तशी. फक्त भारीतली पुरली नाहीत म्हणून मध्ये मध्ये साधी भरली. मी म्हटलं, मग चोराला सांगून ठेवा, तिसऱ्याला जरा दम धर.

रोह्याकडच्या एका म्हाताऱ्या खोतांनी काडतुसं तांदळाच्या पिंपात ठेवली होती. तांदूळ ओल शोषतो, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण त्या तांदळाला त्यांच्या सुनेने बोरिक पावडर चोळली होती, आणि काडतुसं काढताना ते सगळं मिश्रण मॅगझिनमध्ये गेलं होतं. मी पिस्तूल झटकलं तेव्हा मूठभर कोलम निघाला. मी त्यांना एवढंच सुचवलं की घरात भात वाढून घेताना जरा चावून खात जा.

असं माझं निदान बहुतेक बरोबर यायचं. पुढेपुढे मी पिस्तूल हातात घ्यायच्या आधीच ‘काडतूस स्वस्तातलं’ असं सांगून मोकळा व्हायला लागलो. सतत बरोबर येणाऱ्या माणसाला जी मस्ती चढते ती मला चढली होती. ती उतरली रोह्यात, आणि ज्यांच्यापायी उतरली ते दामूनाना.

दामूनाना फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेले. घर रोह्याच्या खाली, खाडीकाठच्या गावात. वाडवडील मिठागरात राबलेले. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे ‘मिलिट्री’ म्हणत. घरावरून जाणाऱ्या बायका विचारायच्या, “मिलिट्री ड्युटीवर गेला काय गो?” रोह्यातल्या एका पतपेढीत ते पहारेकरी होते. पिस्तूल त्यांच्या स्वतःच्या परवान्यावरचं, काडतुसं पतपेढी आणून द्यायची. बारा वर्षं ते त्या दारात उभे होते. विजारीला कडक इस्त्री, पट्ट्याचं पितळी बक्कल रोज सकाळी घासलेलं. ग्राहक त्या बक्कलात बघून भांग नीट करत, असं म्हणतात. पिस्तूल दर वर्षी माझ्याकडे सफाईला यायचं आणि दर वर्षी मला त्यात सफाई करण्यासारखं काही सापडत नसे. तरी मी दोन दिवस ठेवून घ्यायचो. लगेच परत दिलं तर कामाची किंमत राहत नाही.

एका वर्षी दसरा झाल्यावर कुठल्याशा तालुक्यात पतपेढी फोडल्याची बातमी आली आणि इथले संचालक घाबरले. आपला पहारेकरी म्हातारा झालाय, त्याला गोळी तरी झाडता येते का ते बघू या, असं ठरलं. पोलिसांची रीतसर परवानगी काढून, एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत सगळे जमले. चेअरमन जीप भरून संचालक घेऊन आले, सोबत बटाटेवड्यांचं पुडकं. समोर दगडावर रंगाचा रिकामा डबा ठेवला. दामूनाना ताठ उभे राहिले, श्वास रोखला, चाप ओढला.

टच्.

पुन्हा ओढला, पुन्हा टच्. ते काडतूस काढून दुसरं घेतलं. तेही टच्. तिसऱ्याला फुस्स झालं, थोडा धूर निघाला आणि पुंगळी आडवी अडकून बसली. तिथे मात्र नानांनी माझ्या पाटीचा मान राखला आणि पिस्तूल खाली ठेवलं. संचालकांपैकी एकाने वडा खाता खाता सुचवलं की नानांनी तोंडानेच आवाज काढावा, डबा घाबरून पडेल. सगळे हसले. त्याच संध्याकाळी ठरलं की नानांना काढायचं आणि ठाण्याच्या एजन्सीचा तरणा पहारेकरी आणायचा. फक्त चेअरमन जरा नियमाने चालणारे होते, म्हणून ते म्हणाले की आधी मिस्त्रीचा दाखला घेऊ.

दुसऱ्या दिवशी नाना पेणला आले. महिन्यापूर्वीच मी ते पिस्तूल साफ करून दिलं होतं, तेव्हा माझंही नाव त्यात अडकलं होतं. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, “मिस्त्री, पैशाचं नाय. मुलगा घालतो दोन घास. पण सकाळी उठून बूट चढवायचं नाय, तर उठायचं कशाला? मी घरी बसलो तर आठ दिसांत यमुनेशी भांडून मरेन.” यमुना म्हणजे त्यांची बायको.

मी नळीतून गज घालून अडकलेली गोळी बाहेर काढली, पिस्तूल खोललं, स्प्रिंगा बघितल्या. सगळं ठाकठीक. नानांबरोबर आलेली ती फसलेली काडतुसं मी नीट पाहिलीसुद्धा नाहीत. काडतुसं कोणी आणली, एवढं विचारलं. चेअरमनच्या मेहुण्याने आणली, कळलं. सवलतीत मिळाली, हेही कळलं. झालं, माझं निदान पक्कं. मी एसटी पकडून रोह्याला गेलो आणि भर पतपेढीत, खातेदारांसमोर सांगितलं की पिस्तूल उत्तम आहे, नाना उत्तम आहेत, खोट आहे ती मेहुण्यांनी आणलेल्या स्वस्त मालात. मेहुण्याचं नाव विलास, तोही संचालकच. विलासराव लाल झाले. घरी गेले आणि त्याच पेटीतली उरलेली काडतुसं घेऊन आले. म्हणाले, चला खाणीत.

परत खाण, परत डबा. या वेळी वडे नव्हते, सगळे गंभीर. नानांनी पाच झाडल्या आणि पाचही डब्यातून आरपार गेल्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मग लक्षात आलं की आपण काय करून बसलो. पिस्तूल चांगलं हे मीच सांगितलं होतं. काडतुसं चांगली हे आत्ता विलासरावांनी दाखवलं. मग वाईट राहिलं कोण? विलासराव मोठ्याने म्हणाले, “याच पेटीतली काडतुसं याच माणसाच्या ताब्यात जाऊन खराब झाली. हा सांभाळतो कशी?” शनिवारच्या सभेत निकाल लावायचं ठरलं. मी नानांची नोकरी वाचवायला गेलो आणि ती पार घालवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात येऊन ती फसलेली काडतुसं प्रथमच उजेडात धरली, आणि बघतच राहिलो. काडतूस जुनं झालं की मळकट काळपट पडतं. ही लखलखत होती. देव्हाऱ्यातला तांब्यासुद्धा इतका लखलखत नाही. भिंग लावलं. टोपीच्या कडेच्या फटीत हिरवट रेघ होती. आपल्याकडे कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं ना, तसलाच कळंक. शेजारी लाल कण. बोटाला लावून पाहिलं तर कुंकू. आणि एका काडतुसाच्या खाचेत तपकिरी रंगाचा एक बारीक दोरा. तो मी चिमट्याने काढला आणि, सांगायला लाज वाटते, चाटून बघितला. आंबट.

मी थेट नानांच्या गावी गेलो. नाना कामावर होते. यमुनावहिनी अंगणात सुकट वाळवत होत्या. मी आडवळणाने विचारलं की दसऱ्याला शस्त्रपूजा करता का. त्या अभिमानाने म्हणाल्या, “करतो तर. ह्यांची ड्युटी असते, मंग मीच मांडते. घरातल्या डब्यातली काडतुसं ताटात ठेवते. औंदा लईच काळी पडलेली. देवापुढं काळं ठेवायचं काय, भावजी? दोन दिस चिंचेच्या पाण्यात भिजत घातली नि काथ्यानं घासली. पितळच हाय ना ती?”

दोन दिवस चिंचेच्या पाण्यात. ते आंबट पाणी टोपीच्या कडेने आत गेलं असणार आणि दारूचा चिखल झाला असणार. आणि पुढचं कोडंही सुटलं. नानांजवळ कामावर नेहमी भरलेलं मॅगझिन असायचं, त्यातली काडतुसं मळकी पण ठणठणीत होती. पण चेअरमन बघायला येणार म्हणून नानांनी ती काढून ठेवली आणि घरच्या डब्यातली सगळ्यात चकचकीत निवडून भरली. फौजेत जे चमकतं ते तयार असतं, अशी त्यांची समजूत. पितळ चमकलं पाहिजे हे वहिनींना लग्नापासून त्यांनीच शिकवलं होतं.

मी वहिनींना खरं सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला की सांगितलं नसतं तर बरं, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, “म्हंजे त्यांची नोकरी मीच घालवली.” मी म्हटलं, अजून गेलेली नाही. पण कशी राहणार ते मला ठाऊक नव्हतं. खरं सांगावं तर काडतुसं नानांच्याच घरात बिघडली, म्हणजे विलासराव म्हणाले ते शब्दशः खरं. खोटं सांगायला एकच जागा उरली होती, आणि ती माझ्या दुकानात होती. पिनेची स्प्रिंग मी चुकीची बसवली, ती सुरुवातीला अडली आणि मग बसून सैल झाली, असं सांगितलं की पहिल्या दिवशीचं टच्ही जुळत होतं आणि दुसऱ्या दिवशीचे बारही. यात माझं नाव गेलं असतं. पेण ते रोहा, बंदूकवाल्यांच्या जगात गोष्ट पसरायला एक बाजाराचा दिवस पुरतो. शनिवारपर्यंत मी स्वतःलाच शिव्या घालत होतो, पण ठरवलं ते ठरवलं. माझ्या तोंडाने घालवलेली नोकरी माझ्याच तोंडाने परत आणायची होती.

सभेला सगळे हजर होते. नाना दाराशी उभे, बक्कल चमकतंय. वहिनींनी त्यांना घरी सगळं सांगितलं असणार हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी उठलो आणि आधी विलासरावांची जाहीर माफी मागितली. ते मला मनापासून जड गेलं. मग म्हणालो, “साहेब, चूक माझी आहे. पिनेची स्प्रिंग मी...”

“मिस्त्री खोटा बोलतोय,” दाराकडून आवाज आला. नाना पुढे आले आणि टाचा जुळवून उभे राहिले. “स्प्रिंग बरोबर हाय. काडतुसं माझ्या घरी चिंचेत पडली. दसऱ्याला घासली. ताबा माझा होता, मी बघितलं नाय.” बायकोचं नाव त्यांनी काढलं नाही.

विलासरावांनी लगेच एजन्सीचं पत्र पुढे सरकवलं. दोन संचालकांनी मान हलवली. मी बसून घेतलं. आता काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. चेअरमन मात्र पत्राकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

“मिस्त्री,” ते हळूच म्हणाले, “चिंचेने खरंच बिघडतात?”

म्हटलं, भिजत ठेवली तर बिघडतात.

“आणि समजा, आमसुलाच्या पाण्यात ठेवली तर?”

म्हटलं, आमसूलही आंबटच.

“फक्त एक रात्र?”

चेअरमननी जरा इकडेतिकडे बघितलं, कमरेचं स्वतःचं पिस्तूल काढलं, मॅगझिन वेगळं केलं आणि मला दिलं. मी एकेक काडतूस काढून टेबलावर उभं केलं. सहाच्या सहा निरांजनासारखी झळकत होती. ते दोन वर्षं असल्या काडतुसांवर विसंबून मोटारीतून वसुलीला फिरत होते. उरलेल्या संचालकांपैकी आणखी दोघांकडे परवाने होते. ते दोघं एकदम जमिनीकडे बघायला लागले. एकाने बारीक आवाजात विचारलं, लिंबाने काय होतं.

पहिले हसले ते विलासराव. मग सगळी सभा हसली, चेअरमनसुद्धा, पण जरा उशिरा. एजन्सीचं पत्र पुढच्या सभेत घेऊ म्हणून फाइलीत गेलं आणि ती पुढची सभा माझ्या माहितीप्रमाणे अजून व्हायची आहे. नानांना ताकीद मिळाली, तीही तोंडी. त्या आठवड्यात मी तिन्ही घरची काडतुसं तपासली. तिन्ही वहिनींनी मला चहा दिला आणि तिघींनीही विचारलं की मग पूजेला काळीच ठेवायची का.

नाना मला स्टँडवर सोडायला आले. मला राग आला होता. अगदी शेवटच्या घटकेला मी माझं नाव पणाला लावतो आणि हा माणूस सगळ्यांसमोर मला खोटं पाडतो. मी म्हटलं, “नाना, चेअरमनच्या घरी आमसुलं नसती तर तुमची नोकरी गेली होती. मी वाचवत होतो ना? गप्प राहायला काय झालं होतं?”

पेणची गाडी लागली होती. नानांनी माझी पिशवी उचलून खिडकीतून सीटवर ठेवली आणि म्हणाले, “बारा वर्षं मी त्या दारात उभा हाय, मिस्त्री. एकदा चाप ओढायची पाळी आली नाय. पण आली तर उडेल, एवढ्यावरच उभा होतो. तुमचं काम खोटं म्हटलं असतं, तर बारा वर्षं मी कशावर उभा होतो?”

मी गाडीत चढलो. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं. मला पेण हा शब्द आठवायला नागोठणं आलं.